जांभळाची डिस्टिलरी आणि आमचे अकरा संचालक

पतसंस्थेत ठेवी जमतात त्याच्या दुप्पट किस्से जमतात. ठेवीला मुदत असते, वारसदाराचं नाव असतं, फार झालं तर माणूस येऊन मोडून तरी नेतो. किस्सा कुणी मोडायला येत नाही. तो नुसता वाढत राहतो!

मी चाकणच्या अलीकडच्या एका गावात, एका पतसंस्थेत बावीस वर्षं कर्ज-अधिकारी आहे. रविवारी सकाळी आम्ही चार मित्र मिसळ खायला बसलो की कुणीतरी म्हणतंच, "देशमाने, त्या डिस्टिलरीचं सांग राव!" मी नको नको म्हणतो. पाव येईपर्यंत सुरू झालेला असतो.

* * *

आमचे अध्यक्ष दौलतअण्णा. गावातले जुने शेतकरी. जमिनी एमआयडीसीत गेल्या, गावात पैसा आला, आणि तो पैसा ठेवायला अण्णांनी पतसंस्था काढली. शिक्षण सातवी, पण समोरच्याला नजरेनं तोलतात. त्यांच्या डोक्यात एकदा आलं की गावातल्या पोरांनी उद्योग करावा. लगेच योजना निघाली, 'स्थानिक उद्योग विकास कर्ज'. व्याज कमी, मुदत जास्त.

पहिल्या वर्षी एकवीस अर्ज आले. चौदा पांढऱ्या गाड्यांसाठी. चार बंगल्याच्या वरच्या मजल्यासाठी. दोघांनी कारण लिहायचंच टाळलं होतं. एका बागायतदारानं 'उद्योगाचे स्वरूप' या रकान्यात लिहिलं होतं, 'मुलाचे लग्न'.

मी त्यांना समजावलं, "काका, हे उद्योगासाठी आहे. लग्न हा काही उद्योग नव्हे."

काका माझ्याकडे कीव आल्यासारखे बघत राहिले. म्हणाले, "सायेब, तुमी आमच्यातलं लगीन बघितलंच न्हाई!"

अर्ज मंजूर झाला. तीन हजार पानं उठली. उद्योग तसा मोठाच झाला म्हणायचा.

* * *

दुसऱ्या वर्षी वैशालीताई आणि विलास आले. विलास गावचाच. सोळा वर्षं एका कंपनीत क्वालिटी तपासायला होता. लाइन बंद झाली, हातात एक पाकीट आणि भिंतीवरचं घड्याळ देऊन कंपनीनं घरी पाठवलं. वैशालीताई मूळच्या परभणीकडच्या, बारा वर्षं कंपन्यांच्या कँटीनमध्ये स्वयंपाक केलेल्या. राहायला काळेवाडीत, दोन खोल्यांचं स्वतःचं घर. गावात विलासच्या वाट्याची थोडी जागा रस्त्याला लागून उरली होती. तिथं ताईंना हॉटेल काढायचं होतं. आणि मागच्या शेडमध्ये विलासला जांभळं-करवंदांपासून ब्रँडी काढायची होती. कायदेशीर, परवाना घेऊन. मावळातल्या डोंगरवाड्यांवरच्या बायका जांभळं आणतात आणि संध्याकाळी उरलेली रस्त्यावर टाकून जातात, ती विकत घ्यायची, असा त्याचा हिशोब.

आमच्या मॅनेजर आपटे मॅडम सदाशिव पेठेतून रोज येतात. त्यांचं शुद्धलेखन असं की गिऱ्हाइकाच्या चेकवरसुद्धा लाल पेन चालवतील. विलासनं डिस्टिलरीसाठी सरकारी कागदातला शब्द उचलून अर्जात लिहिला होता, 'भोजनालय व आसवनी'. अक्षर बेताचं. मॅडमनी 'आसवनी' वाचलं, भुवई वर गेली, आणि चूक सुधारून फाइलवर स्वच्छ अक्षरात लिहिलं, 'सात्त्विक भोजनालय व योगासन वर्ग'. 'सात्त्विक' त्यांनी पदरचं घातलं.

वर म्हणाल्या, "कल्पना फार सुरेख आहे हो! या भागाला गरजच होती. सकाळी किती वाजता सुरू होणार?"

विलास गोंधळला. "मॅडम, भट्टी लागली की दिवसभर चालणार."

"भट्टी? म्हणजे ते तापलेल्या खोलीत योगासनं करतात तसलं?"

वैशालीताईंनी सरळ सांगितलं, "मॅडम, दारूची भट्टी. आम्ही दारू काढू लालोत."

मॅडमनी पेनाचं टोपण लावलं. मग काढलं. मग परत लावलं.

* * *

फाइल संचालक मंडळापुढे गेली. अकरा संचालक. एरवी कोरम भरायला फोन करून करून माझा घसा बसतो. त्या दिवशी अकराच्या अकरा वेळेआधी हजर!

सगळ्यात जास्त खवळले पोपटशेठ. शेठची मोशीकडे एक आणि हायवेला दोन अशी तीन परमिट रूम आहेत. टेबलावर मूठ आपटून म्हणाले, "समाजाला आपण काय देणार आहोत? दारू?"

अण्णा शांतपणे म्हणाले, "पोपट, तू काय ताक इकतोस व्हय?"

"अण्णा, विकणं वेगळं आणि बनवणं वेगळं! मी फक्त सोय करतो."

मग एकेकानं संस्कृती काढली, तरुण पिढी काढली, आयाबहिणी काढल्या. अर्धा तास चाललं. वैशालीताई दाराशी उभ्या होत्या. बसा म्हणायचं कुणाला सुचलं नव्हतं. मी तरी म्हणायला हवं होतं, पण मीही नोकरच माणूस.

शेवटी त्या पुढं आल्या. म्हणाल्या, "मी एकच इचारते. इथं अकरा जण बसलेत. ज्यांनी जन्मात कधी घेतली नाही त्यांनी हात वर करा. निम्मे जरी निघाले तर मी अर्ज फाडते."

कुणी चष्मा पुसायला लागलं, कुणी मोबाइल. आणि एक हात वर गेला! आमचे रिटायर झालेले गुरुजी. सगळे चकित. पोपटशेठ तर उठूनच उभे राहिले, "वा गुरुजी!"

गुरुजी म्हणाले, "पंखा जरा वाढवा."

कर्ज मंजूर झालं. काळेवाडीचं घर तारण. हॉटेलचे पैसे आत्ता, डिस्टिलरीचे परवाना आल्यावर.

* * *

परवान्याला वेळ होता, तरी शेड आणि यंत्र बघायला पाहणी समिती नेमायची असा नियम. मागच्या वर्षी एका महिला गटाच्या पापडांची पाहणी होती, तेव्हा दोन संचालक मिळेनात. एकाची कंबर धरली, एकाचा साडू आजारी पडला. शेवटी मी आणि शिपाई जाऊन आलो. इथं तिघांची समिती ठरली आणि गाड्या निघाल्या पाच!

येताना एक संचालक घरून चकली घेऊन आले होते. "सहज," म्हणाले.

विलासनं मोठ्या हौसेनं कंपनीच्या पाकिटातल्या पैशांतून आणलेलं तांब्याचं भांडं दाखवलं, नळ्या दाखवल्या, वाफ कुठून जाते, थंड कुठं होते, पहिली धार का फेकून द्यायची, सगळं. वीस मिनिटं बोलला. सोळा वर्षांत कंपनीत त्याला कुणी एवढा वेळ ऐकलं नसेल. त्याचे कान लाल झाले होते.

त्याचं संपल्यावर चकलीवाल्या संचालकांनी विचारलं, "ते सगळं बरोबर आहे. पण तयार कुठंय?"

"साहेब, परवाना यायचाय. थेंबही काढता येत नाही."

चकली तशीच परत निघाली. अण्णांनी मला अहवाल सांगितला आणि मी तसाच लिहून घेतला, "मशीन हाय. माणूस हाय. जागा हाय. माल न्हाई. सबब पुन्ना पाहणी करने गरजेचे."

* * *

हॉटेल आधी उघडलं. उद्घाटनाचा फ्लेक्स संस्थेतर्फे. संस्था म्हटल्यावर अकरा संचालकांचे फोटो आले. मग अण्णांचा मोठा. मग संचालकांच्या पोरांचे, 'युवा नेते' म्हणून. प्रत्येकाच्या डोळ्यांवर गॉगल, कानाला मोबाइल. खाली कोपऱ्यात, पोस्टाच्या तिकिटाएवढ्या अक्षरात, 'उत्तम जेवणाची सोय'.

फ्लेक्स एवढा झाला की तो उभा केल्यावर मागचं हॉटेल दिसेना!

काढायची कुणाची हिंमत? पहिला आठवडा दिवसाला बारा-पंधरा गिऱ्हाइकं. ताई पहाटे उठून पन्नास माणसांचं करायच्या आणि दुपारी भाकऱ्या वाटून टाकायच्या. एकदा मी तिथं असताना पहिल्या शिफ्टचे दोन कामगार आत डोकावले. एकानं हळूच विचारलं, "भाऊ, हितं मतदान हाय का जेवण?"

त्या दिवशी ताईंनी विळा घेतला आणि फ्लेक्सच्या मधोमध दाराएवढं भोक पाडलं. पोपटशेठ नेमके मध्ये होते. त्यांचा डावा कान तेवढा राहिला. दुसऱ्या दिवशीपासून माणसं त्या भोकातून आत यायला लागली आणि ज्वारीची भाकरी, शेंगदाण्याचा महाद्या, ठेचा खाऊन बाहेर पडायला लागली. महिन्याभरात रांग लागली.

* * *

रांग लागली तशी संचालकांची देखरेख वाढली. संस्थेचा पैसा गुंतलाय, लक्ष ठेवायला नको? लक्ष ठेवायची वेळ बरोबर दुपारी एक. सोबत मेहुणा, व्याही, कधी कधी व्याह्याचा ड्रायव्हर. जेवायचं, मिशी पुसायची, "चांगलं चाललंय" म्हणायचं आणि निघायचं.

ताईंनी कुणाकडे पैसे मागितले नाहीत. एक जाडजूड वही आणली, वर लिहिलं, 'मान्यवरांच्या भेटी'. मान्यवर म्हटल्यावर सही केल्याशिवाय कोण जातंय! तारीख, नाव, शेरा, झोकदार सही. काय खाल्लं तो रकाना ताई नंतर भरायच्या.

वर्षअखेरीला ऑडिटर आले. तरुण मुलगी, हसत अजिबात नाही. कर्जदारांच्या भेटीचा पुरावा मागितला. आपटे मॅडमनी मोठ्या अभिमानानं ती वही मागवून पुढे ठेवली. "आमचे संचालक फार जागरूक आहेत!"

ऑडिटरबाईंनी सगळ्यांसमोर वाचायला सुरुवात केली. "पोपटशेठ व इतर तीन. मटण थाळी चार, जादा भाकरी सहा, अंडाकरी एक. शेरा, 'काम समाधानकारक'." मान वर केली. "हे कुणाचं काम? उद्योगाचं की पोटाचं?"

अण्णा उठले. खिशातून दोन चहाचे पैसे काढून टेबलावर ठेवले. त्यांचे तेवढेच होते. मग एकेकाकडे बघत उभे राहिले. पाकिटं निघाली. चकलीवाल्यांनी पाच हप्ते मागितले!

* * *

हसण्यावारी नेतोय, पण एक दिवस असा आला की मला हसू आलं नाही.

समोरच्या कंपनीनं एक शिफ्ट बंद केली. हॉटेल निम्म्यावर आलं. विलासचा परवाना कुठल्याशा टेबलावर झोपलेला. तीन हप्ते थकले. पोपटशेठना हेच हवं होतं. "नियम म्हणजे नियम! हॉटेलच्या दारावर नोटीस लावा, घराचा लिलाव काढा."

मी म्हटलं, "शेठ, त्या लग्नवाल्या काकांचे चौदा हप्ते थकलेत. त्यांना का नाही नोटीस?"

शेठ म्हणाले, "त्यांच्या बंगल्याला ग्रॅनाइट आहे. चिकटत नाही."

मी नोटीस घेऊन गेलो. दुपारची वेळ, चार टेबलं रिकामी. ताई भाकरी थापत होत्या. मला बघितलं, माझ्या हातातला कागद बघितला, आणि म्हणाल्या, "आधी जेवून घ्या साहेब. नंतर लावा."

"ताई, नको."

"उपाशी माणसाच्या हातून असलं काम नीट होत नसतं."

जेवलो. घास फिरत होता तोंडात. उठलो, दाराशी गेलो आणि लक्षात आलं, गोंद आणलाच नव्हता. बावीस वर्षांच्या नोकरीत मी एवढा कधी ओशाळलो नाही. ताई आत गेल्या आणि वाटीत गव्हाच्या पिठाची खळ शिजवून घेऊन आल्या. मी कागद लावला.

त्या दोन पावलं मागे गेल्या. "तिरका लागला. सरळ लावा. येणारी माणसं वाचत्यात."

मी सरळ लावला. विलास मागच्या शेडमध्ये ते तांब्याचं भांडं पुसत बसला होता. नवं कोरं भांडं, वापरलेलं नाही, तरी पुसत होता.

दुसऱ्या आठवड्यापासून ताईंनी पहाटे साडेपाचला पोहे-उपीट सुरू केलं, कंपनीच्या बसथांब्यांवर डबे नेऊन विकले. विलास स्कूटरवरून तळेगावपर्यंत डबे पोचवायचा. पाच महिन्यांत तिन्ही हप्ते फिटले. नोटीस मी स्वतः खरवडून काढली. खळ घट्ट शिजलेली होती, निघता निघेना.

* * *

परवाना आला. पुढच्या जांभळांच्या हंगामात डोंगरवाड्यांवरच्या बायका पाट्या भरभरून घेऊन आल्या आणि रोख पैसे घेऊन गेल्या. विलासनं पहिली बाटली भरली. लेबल छापायला टाकणार, त्यावर गावाचं नाव मोठं. ही बातमी अण्णांना लागली. थेट शेडवर आले.

"आरं इलास, बाटलीवर गावाचं नाव? लोकं काय म्हंत्याल? पोरींची लग्नं व्हायची न्हाईत! काढ ते."

विलासनं काढलं. नुसतं जांभळाचं चित्र ठेवलं.

वर्षाच्या आत पुण्यातल्या बड्या हॉटेलांत ती बाटली गेली. कुणा परदेशी पाहुण्यानं तारीफ केली, फोटो फिरला. अण्णा नातवाच्या मोबाइलवर तो फोटो बघून तडक परत शेडवर.

"इलास! येवढी मोठी बाटली, आन् गावाचं नाव कुठं न्हाई? गावाला इसरला व्हय रं?"

आता नाव आहे. गावाच्या कमानीवर आहे त्याच्यापेक्षा मोठं.

* * *

आता शेवटचा, आणि मित्रांत हा सांगितल्याशिवाय मला उठू देत नाहीत. संस्थेची निवडणूक लागली. त्या सबंध योजनेत पूर्ण फिटलेलं कर्ज एकच, डिस्टिलरीचं. कुणीतरी वैशालीताईंना म्हणालं, तुम्हीच उभ्या राहा. त्या राहिल्या. पोपटशेठच्या विरोधात. त्या आज आमच्या संचालिका आहेत हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे निकालासाठी कुणी ताटकळायला नको. किस्सा निकालाचा नाहीच.

मतदानाआधी शेठनी सभासदांचा मेळावा ठरवला. मेळावा म्हणजे पाचशे माणसांचं जेवण. पण त्या दिवशी लग्नाची दाट तिथी. मोशीपासून खेडपर्यंत एक आचारी मोकळा नाही. शेठनी सगळीकडे फोन लावले. शेवटी नाइलाजानं स्वतः ताईंच्या हॉटेलात आले. मी तिथंच जेवत होतो. शेठना वाटलं असावं, बाई शिव्या घालून हाकलणार.

ताईंनी विचारलं, "किती पानं?"

"पाचशे."

"मटण का शाकाहारी?"

"मटण."

"पैसे आधी द्यावे लागतेल. सगळे."

शेठ पैसे मोजून गेले. विलास भडकला. "तू त्याच्या सभेला रांधणार? तुझ्याच विरोधात?"

ताई म्हणाल्या, "मग काय पाचशे माणसं उपाशी ठेवून निवडून येऊ?"

मेळाव्याला मीही गेलो. मांडव भरलेला. सगळे सभासद, जुन्या गावातले म्हातारे, कंपन्यांतली पोरं, सगळ्या पंगती एकदम बसलेल्या. स्टेजच्या मागच्या बाजूला चुली, तिथं ताई स्वतः उभ्या. कुणाला काय कमी पडतंय त्यावर लक्ष. रस्सा असा झालेला की बोलायला कुणाला फुरसत नाही. नुसता भुरके मारल्याचा आवाज.

शेठना वाटलं, हीच वेळ. स्टेजवर चढले, माइक घेतला.

"मंडळी! जेवण कसं झालंय?"

"एक नंबर!" मांडव दणाणला.

"काही कमी पडलं?"

"न्हाई!"

शेठचा चेहरा फुलला. "मग आता मोठ्यानं सांगा, मत कुणाला?"

पहिल्या पंगतीत एक म्हातारे बसले होते. त्यांनी बोटं चाटली, पटक्याच्या शेवानं तोंड पुसलं आणि खणखणीत आवाजात म्हणाले, "शेठ, आमी जुनी मान्सं. जेच्या हातचं मीठ खाल्लं, तेला!"

"जेच्या हातचं मीठ खाल्लं, तेला!" पाचशे माणसं एका सुरात ओरडली.

पोपटशेठना गहिवरून आलं. त्यांनी डोळे मिटले, दोन्ही हात जोडले आणि मान लववून कितीतरी वेळ तसेच उभे राहिले. सगळा मांडव त्यांच्या खांद्यावरून मागे बघत होता. आणि मागून, हातात पळी घेतलेल्या ताईंचा आवाज आला, "रस्सा कुणाला पायजे?"